पावडी

अक्कलकोट रोड, दुपारचे तीन.
दस्तगीर गाडीखाली, बाहेर नुसत्या चपला.
स्टिअरिंगला अंबादासमामा :
चाळीस वर्षं हातमागाची पावडी दाबलेला पाय
आज ब्रेकवर.

"दाबा. धरून ठेवा."
दहाचा पाना वळतो,
नळीतून बाटलीत तेल, तेलात बुडबुडे.
"सोडू नका... हं, सोडा."

चारही चाकं झाली. दोनदा झाली.
बुडबुडे केव्हाच थांबले,
तरी पाय खालपर्यंत जातो
ओल्या चादरींच्या गठ्ठ्यावर ठेवल्यासारखा.

"झालं की."
मामा मान हलवतात. "आत पोकळ आहे.
दोरी सैल असली की पावडी अशीच लागते."

दस्तगीर पुढच्या चाकात बॅटरी मारतो
आणि बराच वेळ काही बोलत नाही.
कॅलिपर कालच त्यानं बसवलेले :
डावा उजवीकडे, उजवा डावीकडे.
निपल खाली,
हवा वर बसलेली, निवांत.

"माझीच चूक," तो म्हणतो,
पान्यालाच बहुतेक.
पुन्हा बोल्ट, पुन्हा तेल, पुन्हा बाटली.

"दाबा."
पाय अर्ध्यावर थांबतो.
मामा तो लगेच काढत नाहीत.
"आगिंदि," म्हणतात, घरच्या तेलुगूत.

दस्तगीरला तेवढं तेलुगू येतं.