चौसष्ट

बादलीतलं पाणी बुटाच्या टाचेनं फोडायचं,
बर्फाचे तुकडे हातानं काढून कुंपणापलीकडे टाकायचे,
बोटं काखेत धरून थोडं उभं राहायचं,
मग लीद.
रेयडर गावात पहाटे साडेपाचला दोनच दिवे असतात:
एक बेकरीचा, एक माझ्या कपाळावरचा.

माझ्या भाषेत घोडे पुष्कळ होते.
वरातीमागून येणारे, गंगेत न्हालेले,
कचेऱ्यांतून नाचणारे कागदी.
वास एकालाही नव्हता.
नान्सीला आहे. ओल्या गोणपाटाचा,
आणि चिखलाच्या दिवसांत, खूर खरवडताना,
सडक्या कोबीचा, जो जेवतानाही नखांतून जात नाही.

आई फोनवर विचारते,
तुझ्या घराचं घोडं कुठे पेंड खातंय गं?
मी म्हणते, इथेच, माझ्या हातून.
ती हसते. मी हसत नाही.
घराचा हप्ता किती बसेल ते एकदा
गवताच्या पावतीमागेच मांडलं होतं.
नंतर पावती सापडली नाही,
नुसता एक कोपरा, चावलेला.

नालबंद गेथिन दर सहा आठवड्यांनी येतो.
चारी पाय पांढरे, कपाळावर पट्टा,
आमच्याकडे हिला पंचकल्याणी म्हणतात, शुभ असते,
असं मी त्याला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं.
तो खूर मांडीत धरून, खिळे ओठांत धरून म्हणाला,
पांढरं खूर मऊ. नाल टिकत नाही.
नव्वद पौंड.

मे महिन्यात ऐंशी किलोमीटरची रपेट.
धरणांच्या काठानं, मग वर, उघड्या माळावर,
जिथे मेंढ्या मान वर करतात आणि पुन्हा खाली घालतात.
दुडकी, चाल, पुन्हा दुडकी.
माझे गुडघे तिसऱ्या तासाला बोलू लागले,
पाचव्याला गप्प झाले.
पहिल्या ओढ्यावर ती प्यायली नाही.
दुसऱ्यावर मी उतरले, तंग सैल केला, पाठ फिरवून उभी राहिले,
जशी कुणाला संकोच वाटू नये म्हणून राहतात.
सतरा घोट. मोजले.

चौपन्नाव्या किलोमीटरला तपासणी.
नाडी चौसष्टच्या वर असेल तर घरी.
ग्लेनिस बादल्या भरून थांबलेली,
शहात्तर वर्षांची, दोन्ही खुबे नवे, आता स्वतः बसत नाही.
मानेवर पाणी, छातीवर पाणी, निथळ, पुन्हा पाणी.
सत्तर.
अडुसष्ट.
बासष्ट!
ग्लेनिसनं मिठी बिठी मारली नाही. चहा दिला.

मग डॉक्टर म्हणाली, पळवून दाखवा.
तीस मीटर जा, तीस मीटर या.
मी लगाम धरून पळाले, मागे टापा ऐकत,
आणि वळताना ऐकलं,
दुडकीचे दोन ठोके, त्यातला एक हलका,
जिना उतरताना कुणी झोपलेल्यांसाठी एक पायरी जपावी तसा.
डॉक्टरनं हात वर करायच्या आधीच मी थांबले होते.
कार्डावर कारण लिहिलं: लंगडी.
तीन अक्षरांत माझी अठरा महिन्यांची पहाट.

उजवा मागचा. दगड लागला असावा.
रात्री पोटीस, त्यावर लहान मुलाचा डायपर,
त्यावर चंदेरी चिकटपट्टी, गुंडाळून गुंडाळून.
ज्या औषधांच्या दुकानात मी काम करते
तिथलाच नवा पोरगा डायपर देताना विचारत होता,
बाळ किती महिन्यांचं?
म्हटलं, अकरा वर्षांचं. पाचशे किलो.

नऊ वाजता कान तिच्या कुशीला लावला.
आत नळ गुरगुरत होते, म्हणजे ठीक.
जबड्याखाली बोट ठेवलं. छत्तीस.
मग तेच बोट माझ्या मनगटावर,
एक, दोन, अकरा, बारा,
आणि मोजणं तिथेच राहिलं,
कारण तिनं नाक माझ्या खिशात खुपसलं होतं
आणि खिशात काही नव्हतं.