पाठमोरा

मेंढे मास्तरांच्या वर्गात, खडूंच्या खोक्यामागे
एक रशियन चित्र चिकटवलेलं आहे.
जुन्या मासिकातलं पान, घडीवर रंग उडालेला.
काळी कोठडी, लोखंडी खाट, खाटेवर एक कैदी.
हात बाह्यांत खुपसलेले, थंडी वाजावी तसे,
मान मात्र वर.
समोर पाद्री. हातात क्रूस.

मास्तर सांगतात, या माणसाचे डोळे बघा रे,
उजेड कुठून पडलाय ते बघा.
पोरं बघतात.
मी पेपर वाचायला आलेला असतो.
मी पाद्र्याची पाठ बघतो.

ती पाठ माझ्या ओळखीची आहे.
असाच उभा होतो मी एकदा
नागपूरच्या जेलात, पहाटे तीनला,
उपरणं, लाल फडक्यातली पोथी,
गडव्यात गंगाजळ, वर तुळशीचं पान.
दाराशी जेलरसाहेब म्हणाले होते,
बुवा, तुमच्यापुढे तो नरम पडेल.
बाकीच्या दोघांची नावं निघतात का, तेवढं पाहा.
माझ्या भाच्याचा नोकरीचा अर्ज
तेव्हा त्यांच्या टेबलावर होता.

दौलत पेंदाम. सागाच्या तोडीवरून
ठेकेदाराचा मुकादम मेला होता त्याच्या हातून.
त्याने ते कधी नाकारलं नाही.
म्हटलं, दौलत, देवाचं नाव घे बाबा.
तो म्हणाला, बुवा, पोथीखाली काय हाय?
काही नाही रे.
काहीतरी हाय. तुमचा हात कापते.

मग बराच वेळ कोणीच बोललं नाही.
मग तोच,
माफी मागाची त मी त्याच्या बायकोले मागीन.
चिठ्ठी धाडली म्या. तिचं उत्तर नाही आलं.
मंधात देव काहून आणता?

निघताना म्हणाला,
पाणी ठेवून जा. तहान लागली त पिईन.
पाणी म्हणून.

बाहेर जेलर, काही बोलला?
म्हटलं, तहान लागलीय त्याला.
नावं मी सांगितली नाहीत.
मला ती ठाऊकच नव्हती.
ठाऊक असती तर?
इथवर येतो आणि चष्मा पुसायला काढतो.

भाचा पुढे वनखात्यात लागला.
पोथी मी नंतरही वाचली, प्रत्येक श्रावणात.
बाया म्हणत, बुवांचा आवाज काय गोड!

आज चौथीतली एक पोरगी
चित्राला नाक लावून उभी राहिली.
बुवा, याच्या दुसऱ्या हातात काय आहे?
कोणाच्या?
हा पाठमोरा उभा आहे ना, त्याच्या.

बाहेर संत्र्याच्या बागेत
वानरं हाकलायला कोणीतरी डबा बडवत होतं.
मास्तर म्हणाले, चला, प्रश्न पुरे, पेन्सिली काढा.
पोरं खाली वाकली,
आधी खाट काढू लागली.
खाट सगळ्यांना येते.