होल्डवरची धून

नाना चौकातल्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात
पंख्याशेजारी आता एक काळा डबा टांगलाय.
इडलीबरोबर सांबार येतं, चटणी येते
आणि न मागता गाणं येतं,
बिलात न लावलेलं.

समोर फिलोमिना. तिचे ओठ हलतायत.
माझ्या उजव्या कानातलं यंत्र
वाटाण्याएवढं, त्रेचाळीस हजारांचं,
आणि फार प्रामाणिक.
फिलोमिना, ढोलक, मिक्सर, टेबलाखाली पडलेला चमचा,
सगळ्यांना एकाच मापानं आत सोडतं.
निवडणं त्याला कुणी शिकवलेलं नाही.

आम्हाला शिकवलं होतं.
ट्रंक एक्सचेंजला एकतीस वर्षं
मी आणि ती, खुर्चीला खुर्ची लावून,
डोक्यावर हेडफोन, समोर भोकाभोकांची भिंत.
खरखर, पलीकडच्या लाइनवरचं भांडण,
तिघांचं एकदम हॅलो हॅलो,
त्यातून कुणा आईचं "पोचलास का रे"
अलगद सोडवून पुढे द्यायचं,
काटे काढून मुलाच्या ताटात
मासा ठेवावा तसं.

"आवाज जरा कमी करा हो," मी रत्नाकरला म्हटलं.
त्यानं गल्ल्यावरून मान वर केली.
"मॅडम, बंद केलं की लोक घाईघाईत खातात.
नुसतं चावलेलं ऐकू येतं."
मग येऊ दे की!
वाटी सरकवल्याचं, भुरका मारल्याचं,
"अजून एक घे ना"चं ऐकू येऊ दे.
जेवणाला स्वतःचा आवाज आहे,
वरून फोडणी कशाला?
हे सगळं मी मनातच म्हटलं.
रत्नाकरचा स्वभाव बरा आहे, आणि कॉफीही.

तेवढ्यात गाणं तुटलं.
डब्यात घंटी वाजली
आणि अख्ख्या हॉटेलभर
एक बाई तुळूत बोलू लागली.
शब्द आमच्यातल्या एकालाही कळले नाहीत.
आवाज सगळ्यांना कळला.
रत्नाकरनं फोन शोधताना बडीशेपेची वाटी सांडली,
फोन कानाला दाबला
आणि मागच्या दारानं भांडी घासतात तिथे गेला.

मग जे उरलं ते मला हवं होतं तेच.

शेजारच्या टेबलावर एक नवराबायको,
मध्ये एकच मसाला डोसा.
इतका वेळ मला वाटत होतं, मजेत आहेत.
आता त्याने मिठाची बाटली उजवीकडे ठेवली,
मग डावीकडे.
तिने मेनूकार्ड तोंडपाठ होईपर्यंत वाचलं.
कोपऱ्यातला एकटा म्हातारा
रस्समचा घोट तोंडातच धरून बसला,
गिळल्याचा आवाज होईल म्हणून.
कुणीतरी अंगावरचं पांघरूण ओढून घेतल्यासारखी
सगळी माणसं.

आणि फिलोमिना म्हणाली, स्वच्छ, जुन्या लाइनवर म्हणावं तशी,
"मग? काय वाटतं तुला?"
"कशाचं?"
"अगो, वसईला चालले ना मी. कायमची. जेरोमकडे.
खोली विकली. मघापासून तेच सांगते,
आणि तू नुसती मान हलवून हसतेस."

खरंच हसत होते मी.
गाण्यात ऐकू आलं नाही की मी हसते;
सवय झालीय.

रत्नाकर परत आला. कुणाकडे पाहिलं नाही.
स्वतःच बोटानं गाणं लावलं,
मघापेक्षा दोन घरं वर.
शेजारच्या नवऱ्याने डोशाचा तुकडा मोडला,
म्हाताऱ्यानं घोट गिळला.
मी आवाज कमी करा म्हटलं नाही.

आमच्या वेळी होल्डवर धून नसायची.
आम्हीच मध्ये मध्ये म्हणायचो,
"थांबा हं, लाइन लागतेय,"
आणि पलीकडचा माणूस त्यावर तग धरायचा.

यंत्र कानातून काढलं, कागदी रुमालात गुंडाळलं,
बशी बाजूला सारली.
टेबलावर पुढे वाकून
फिलोमिनाच्या ओठांकडे पाहत म्हटलं,
"बोला, मुंबई ऐकतेय."

तिला हसू आलं, ते दिसलं.
मग पहिल्यापासून, सावकाश,
खोली, जेरोम, सामानाचा टेम्पो,
एकेक शब्द ती ओठांवर ठेवत गेली.
मध्येच थांबून तीन बोटं वर केली:
तीन मिनिटं झाली, वाढवू का?

वाढव, मी म्हटलं.
बहुतेक मोठ्यानं म्हटलं असावं.
डोसा खाणारे दोघे
पहिल्यांदाच एकदम
एकाच दिशेला बघत होते.