पसंतीक्रम

फॉर्मवर सहा रिकाम्या ओळी,
रात्रीचे दहा वाजून गेलेत.
बारा वाजता पोर्टल बंद.

पोर्ट लिंकनमध्ये या वेळी जागे असतात
बंदरावरच्या धान्यकोठारांचे दिवे
आणि अंगणातल्या ट्रकमध्ये माझे ताता.
मार्चपासून ते तिथेच झोपतात,
म्हणजे पडून राहतात, रेडिओ बारीक करून.

मानसशास्त्रज्ञ व्हायचं हे मी ठरवून टाकलंय.
कसं, ते तीन पदव्यांत अडकलंय.

एक सरळ. चार वर्षं मानसशास्त्रच मानसशास्त्र,
ऑनर्स आतच शिवलेलं, कोटाच्या अस्तरासारखं.
पण प्रवेशाला गुण असे लागतात
की परीक्षेतली एक वाईट दुपार, आणि दार लागलं.

दुसरी विज्ञानाची. चेतापेशी, मेंदूचे काप,
पांढऱ्या कोटातली सोबत,
आणि नाहीच जमलं तर प्रयोगशाळेत नोकरी,
हे आईचं म्हणणं. आई ऑयस्टर सोलते,
हातचं राखून ठेवावं असं तिला नेहमी वाटतं.

तिसरी कलाशाखेची.
अर्धं मानसशास्त्र, उरलेलं हवं ते.
मला भाषा हवी, आजोबांची क्रोएशियन,
जी मला येते फक्त शिव्यांपुरती आणि जेवणापुरती.
पण तिथे तिसरं वर्ष संपलं की पुन्हा रांग,
चौथ्या वर्षात थोडेच आत.
"आडवळण आहे, झ्लाता," मिसेस हेन्शके म्हणाल्या,
"आणि संख्याशास्त्र तिन्हीकडे आहे बरं का."
माझं घोडं तिथेच पेंड खातं.

आमच्या गावी मानसशास्त्रज्ञ विमानाने येते,
अॅडलेडहून, एक गुरुवार सोडून एक.
सात महिन्यांची यादी.
ताता एकदाच गेले.
तिनं विचारलं, एक ते दहा, त्रास किती?
ते म्हणाले, दहा म्हणजे दुये.
बाकीचं मला मोजता येत नाही.
हे मला आईकडून कळलं.
ती बाई वाईट नव्हती. नंतर दोनदा तिचा फोन आला,
तो वाजू दिला गेला.

अकराला मी लॅपटॉप घेऊन ट्रकमध्ये चढले.
ताता सरकले. थर्मासचं झाकण पुढे केलं.
स्क्रीनवर बोट ठेवत एकेक नाव वाचलं,
दोरखंडाची गाठ तपासावी तसं.
"किती वर्षं?"
"सहा. सगळं धरून. कधी सात."

बराच वेळ रेडिओवर हवामान.

मग म्हणाले, "ट्यूना आणतो ना खुल्या समुद्रातून,
पिंजरा मागे बांधून,
माणूस चालतो त्याहून हळू. दोन दोन आठवडे.
जोर केला की मासे जाळ्यावर रेलतात,
घासले जातात, मरतात.
दुयेला जाम कंटाळा यायचा.
पत्ते खेळायचा. हरायचा."

ते नाव त्यांच्या तोंडून
मार्चनंतर पहिल्यांदा ऐकलं मी.
आणि काही विचारलं नाही.
विचारायचं होतं. जीभ दातांखाली धरली.
हे कोणत्या वर्षी शिकवतात?
कुठल्या पदवीत, किती श्रेयांकांना?

पुढचं ते क्रोएशियनमध्ये बोलू लागले,
काचेकडे बघत, सपाट आवाजात.
मला चार शब्द कळले.
पाणी. बूट. हात.
आणि 'नाही', तो खूपदा.
बाकीचं माझ्या शेजारून निघून गेलं.

पावणेबाराला मी तिसरी ओळ
बोटानं ओढून सगळ्यात वर नेली.
सरळ रस्ता दुसरा. आईचा तिसरा.
सोमवारी मिसेस हेन्शके कपाळाला हात लावतील,
आणि त्या चूक असतील असंही नाही.

बॅटरी नऊ टक्के.
झाकणातली कॉफी गार झालीये.
ताता अजून बोलतायत.