अंगठा

दत्त नगरच्या कोपऱ्यावर मंगळवारी दुपारी सभा घेतली.
मी चाळीस मिनिटं बोललो. भांडवल, मंदी,
तिसऱ्या मुद्द्याचे चार पोटमुद्दे.
ऐकायला तिघं: चहावाला, त्याचं उधारीचं गिऱ्हाईक,
आणि स्पीकरवाला बशीर,
त्याला वायर गुंडाळायची होती म्हणून.
"कुणाला सांगलालाव, अण्णा?"
असं म्हणून त्यानं भाड्यातले शंभर सोडले.
तिघांपेक्षा त्या शंभराची मला जास्त लाज वाटली.

त्याच दुपारी सर्वम्मा गुंडला
ऑफिसच्या पायरीवर बसून होती.
दाराला कुलूप.
आम्ही सगळे जनतेकडे गेलो होतो.

एकोणचाळीस वर्षं तिनं विड्या वळल्या.
रात्री पानं भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची,
सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं कापायची.
हजारातून छाट काढून नऊशे चाळीस मोजले
तरी दुसऱ्या दिवशी परत हजार.
आता पेन्शनच्या खिडकीत ती यंत्रावर अंगठा ठेवते,
यंत्र म्हणतं, ओळख पटत नाही.
पदरानं पुसला. लिंबू चोळलं. कुणी सांगितलं म्हणून दूधही लावलं.
रेषाच नाहीत.
पानात गेल्या, तंबाखूत गेल्या, दोऱ्याच्या गाठीत गेल्या.

तिचा हात दिव्याखाली धरला तेव्हा आठवलं,
तीस वर्षं या गावाच्या भिंतींवर आम्ही मूठ रंगवली.
बंद गिरणीच्या कंपाउंडला तर तीनदा.
मूठच.
बोटं उघडून कधी बघितली नाहीत.

निलोफर बागबान म्हणाली, टेबल बाहेर काढा.
बायका माल देऊन साडेसहाला मोकळ्या होतात,
तुमचं ऑफिस सहाला मिटतं.
मग टेबल बाहेर आलं, खांबाच्या उजेडात,
तिचा लॅपटॉप, माझं रजिस्टर, दोन डगमगत्या खुर्च्या.
पहिल्या रात्री एक कुत्रं आलं.
दुसऱ्या रात्री सर्वम्मानं सहा जणी आणल्या,
"कूसो, कूसो" म्हणत स्वतःच पायरीवर जागा करून दिली.
जेवणाच्या पिशव्या घरोघर पोचवणारा गुरुसिद्ध
आधी नुसता फोन चार्ज करायला थांबायचा.
झेंड्याचं नंतर बघू, म्हणाला,
होटगी रोडला गाडी घसरली तर दवाखान्याचं बिल कुणाचं, ते सांगा.
मला पाठ असलेल्या कुठल्याच पुस्तकात
होटगी रोड नव्हता.

गोवर्धन सामलेटी चिडले.
जुना माणूस, गिरणी बंद पडली तेव्हा अठरा दिवस उपाशी बसलेला.
"ही युनियन आहे की दाखले काढायचं केंद्र?"
मी काही बोललो नाही. त्यांचंही खरं होतं.
फॉर्म भरून कुणाचं राज्य बदललंय?
पण फॉर्म भरताना बायका बोलायच्या,
आणि मी, जन्मात पहिल्यांदा,
मधे न बोलता लिहून घ्यायचो.

फेब्रुवारीत मोर्चा निघाला तो त्या रजिस्टरातून.
घोषणा सर्वम्मानं केली, निम्मी तेलुगू, निम्मी मराठी,
यमकात बसत नव्हती, म्हणून कुणी विसरलं नाही.
पिशवीवाले पोरं गाड्या ढकलत पुढे,
मागे अंगठे वर केलेल्या चारशे बाया.
सामलेटी शेवटी, काठी टेकत, सगळ्यांवर ओरडत.
डोळ्यानं ओळखणारी यंत्रं मिळाली.
मागितली होती अकरा, मिळाली दोन.
महापालिकेला मात्र पडलो.
बशीर म्हणतो, डिपॉझिट वाचलं, पेढे द्या.

काल भिंत पुन्हा रंगवायला काढली.
पेंटर सतरा वर्षांचा, मोबाईलमध्ये मुठीचं चित्र घेऊन आलेला.
सर्वम्मा मागे उभी राहिली.
अंगठा असा नसतो म्हणाली,
नख झिजलेलं काढ. आणि रेषा घाल माझ्या,
होत्या तशा.
पोरानं तिचा हात बघितला, मग भिंत बघितली, मग माझ्याकडे.
"रेषांचे वेगळे पैसे पडतील, काका."