सहा परस

समुद्र आमच्यात कुणी पाहिला नाही,
पण बुडालेलं जहाज आहे आमच्याकडे.
खापरटोलीच्या मँगनीज खाणीत
पाणी उपसणारा पंटून होता, दोन मोटारींचा,
तळातल्या खडकाला आखूड तारेनं बांधलेला.
खाण बंद पडली, पाणी चढलं,
तार लांबली नाही.
चौतीस परस खोल. इस्तारीनं दगड सोडून मोजलंय.

ठेकेदाराला मोटारीतलं तांबं हवं.
इस्तारीला काय हवं, मला नीट कळलेलं नाही.
पैसा म्हणतो.
पैशासाठी माणूस
झोपेत हातांनी पाणी सारतो का?

त्याचं सामान:
पैकूच्या पंक्चर दुकानातला कंप्रेसर,
फवारणीचा पिवळा पाइप, दातांत धरायचा,
कमरेला रुळाचा तुकडा,
एक विळा, कारण खाली केबलींचं रान माजलंय.
विळ्यानं केबल कापत नाही, त्यालाही माहीत आहे.
आणि दोर. परसापरसाला गाठ, छत्तीस गाठी.
दुसरं टोक माझ्या कमरेला.

काठावर मी विड्या वळते.
वर येताना दहाव्या गाठीवर एक कट्टा थांबायचं,
पाचवीवर दोन, दुसरीवर तीन.
कट्टा बांधून झाला की मी दोर हलवते.
मधे मधे वारा बघते,
तेंदूच्या पानांची कातरण कुणीकडे उडते ते.
दुपारी वारा फिरतो
आणि इंजिनाचा धूर हवेच्या तोंडाशी जातो.
मग पैकूच्या पोराला ओरडते, फिरव रे मशीन.

एकदा तो थांबला नाही. पेट्रोल संपत आलं होतं,
सरळ वर आला.
तेव्हापासून लोटा डाव्या हातानं उचलतो.
पंचविसाव्या गाठीखाली म्हणे
मोहाच्या पहिल्या धारेसारखं चढतं.
एकदा त्याला वाटलं,
पाइप नसला तरी चालेल.
हे त्यानं मला भाकरी खाताना सांगितलं,
मीठ माग, इतक्या सहज.

दिवाळीला पुतण्या आला, धनपाल,
विशाखापट्टणमच्या बंदरात कामाला आहे.
म्हणाला, एवढ्या खोल नुसती हवा चालत नाही,
फुग्यात भरतात तो वायू मिसळावा लागतो.
पाठीवर दोन सिलिंडर, बगलेत दोन,
दिवे तीन, कारण दोन विझतात.
वहीत यादी केली. बेरीज केली.
सगळं तांबं विकलं तरी अर्धी.

मी विचारलं, "अन् दोर कोण धरते?"
"काकी, त्याले धरणारं लागत नाई. रीळ असते."
इस्तारी हसला.

पोरगा खोटं बोलत नव्हता.
फक्त त्याची यादी सुरूच व्हायची
माणूस खाली जातोय, इथून.

त्या रात्री मी त्याचाच विळा घेतला.
दोर माझ्या टोकाकडून कापला,
जिकडच्या गाठी कुणी मोजत नाही.

सकाळी तिसावी गाठ हातातून गेली
आणि दोर कमरेत रुतला.
दोन हिसके. म्हणजे ढील दे.
मी काळ्या दगडात टाच रोवली.
पुन्हा दोन.
मग काहीच नाही. अकरा विड्या, काहीच नाही.
त्यातल्या चार मी नंतर उकलून पुन्हा वळल्या.
मग एक हिसका.

दहावी. पाचवी. दुसरी.
वर आला, पाइप काढून थुंकला,
माझ्या कमरेकडे बघितलं,
ताज्या कापल्या टोकाचे धागे पिंजारलेले.
ठेकेदाराच्या माणसाला म्हणाला,
"खाली लय गढूळ हाय. नाई होत आता."
पाणी एवढं नितळ होतं
की सातवी गाठ वरून दिसायची.

ते सहा परस आता गोऱ्ह्याच्या गळ्यात आहेत.
रोज सकाळी तो सोडायला जातो.
अंगठा एकेका गाठीवर थांबतो,
सहाव्या गाठीनंतरही
थोडा वेळ तसाच.
गोऱ्हा मान झटकतो.
मी सूप मांडीवर घेते.