विल्फसाठी, फ्रीजरच्या दारावर

विल्फ,
आधी चष्मा लाव. टीव्हीच्या मागे पडलाय.

गुडघा बदलायला चाललेय, जगातून नाही,
तेव्हा तोंड पाडून बसू नकोस.
सहा रविवार, चोवीस पुडिंगं.
दर खेपेला तुला तीन, आणि एक पलीकडच्या रुबेन ओल्डरॉइडला.
ग्लॅडिस गेल्यापासून तो डबा उघडून
सिंकपाशी उभ्याउभ्याच जेवतो. खिडकीतून दिसतं.

मंगळवारी रात्री पीठ भिजवलं.
अंडी, दूध, मैदा, तिन्ही एकाच कपाने,
तुझ्या आईच्या त्या कान तुटलेल्या कपाने.
झाकून ठेवलं सकाळपर्यंत.
मुरल्याशिवाय पिठाला अक्कल येत नाही
(हे तुझ्या आईचं. मला उद्देशून असायचं).

सकाळी साच्याच्या प्रत्येक खळग्यात
बीफच्या चरबीचा नखाएवढा गोळा.
धूर निघेस्तोवर तापवली,
पीठ ओतलं तसं चर्र झालं,
दार लावलं
आणि स्टूल ओढून बसले राखणीला.
घरात कुणी नव्हतं. तू दाढी करायला स्किप्टनला.
तरी बसले.

फुगली, विल्फ! काचेला नाक लावून बघत होते.
कडा वर चढल्या वेड्यावाकड्या,
चॅपलमधल्या बायकांच्या ईस्टरच्या टोप्यांसारख्या,
मधे खड्डा. ग्रेव्हीला घर नको का?
जाळीवर गार केली, पार गार,
वाफ असताना पिशवीत कोंबली की बर्फाची लव धरते.
मग तासभर ट्रेमध्ये सुटी सुटी गोठवली,
मग चार-चारच्या पिशव्या.
वर निळ्या पेनाने रविवारच्या तारखा आहेत.
मटारांच्या खाली हात घालून भलतीच ओढू नकोस.

जॅनिस फोनवर म्हणाली, आई, दुकानात तयार मिळतात,
पाकिटात पंधरा.
मिळतात. बाहुलीला घालायला बऱ्या.

आता एक.
गिरणीला कुलूप लागलं तो शुक्रवार.
जॅनिस सात वर्षांची झाली म्हणून
मी आडवारी पुडिंगं घातली होती.
तू साडेबारालाच आलास, डबा तसाच भरलेला.
हात कुठे ठेवावेत ते तुला कळेना.
टेबलावर ठेवलेस. खिशात घातलेस.
मग, का कोण जाणे,
ओव्हनचं दार उघडलंस.

बाराच्या बारा बसली.

मी ओरडले.
पुडिंगांवरून ओरडले, शेजारी ऐकू जाईल इतकं.
गिरणीचं एका शब्दाने विचारलं नाही,
त्या दिवशी नाही, नंतरही नाही.
मग आपण ती चपटी चामडी खाल्ली, जास्तीची ग्रेव्ही घेऊन,
आणि जॅनिसने पॅनकेक पॅनकेक म्हणत टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून रविवारी बारा वाजले की
तू मागच्या शेडमध्ये जातोस
आणि मी हाक मारेपर्यंत येत नाहीस.
लोकांना मी सांगते, कबुतरांचं बघतोय.
कबुतरं विकून अकरा वर्षं झाली, विल्फ.

असो. ओव्हन दोनशेवर ठेव.
वितळू द्यायची नाहीत,
बर्फातून काढली की थेट आगीत.
चार मिनिटं, फार तर पाच.
आणि मधे दार उघडून बघ.
खुशाल बघ, वाटलं तर दोनदा.
ही एकदा फुगून बसलेली आहेत जागेवर,
आता वाऱ्याने पडायची नाहीत.

ग्रेव्हीची पूड वरच्या फळीवर, चहाच्या मागे.
साचा साबणाने धुतलास तर
दुसरा गुडघा तुझा बदलावा लागेल.

मेव्हिस

ता. क. रुबेनचं ताटलीत घालून नेऊ नकोस.
त्यालाच इकडे बोलाव. खुर्ची आहे.